विमान बांधणाऱ्याची पावती

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका हौशी वैमानिक गृहस्थांचे पत्र छापून आले. स्वतःचे चार आसनी विमान घेऊन ते खानदेशात लग्नाला आले होते. विमान रात्रभर उभे केल्याचे शुल्क त्यांनी भरले. सकाळी निघताना दोन पोरे विमानापाशी येऊन उभी राहिली आणि पैसे हातात पडेपर्यंत हलली नाहीत. 'पार्किंगही द्या आणि चहापाणीही द्या, ही सरळ लूट आहे,' असे त्यांनी लिहिले आहे. त्यांनी धावपट्टीचे नाव दिले नाही. मीही अशाच एका धावपट्टीवर पडेल ते काम करतो आणि तिचे नाव देत नाही. त्यांची निम्मी तक्रार मला मान्य आहे. राहिलेल्या निम्म्याविषयी चार शब्द लिहितो, ते छापावेत ही विनंती.

मी वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि गावी आलो. शेती भाऊ बघतो. कोरडवाहू कापूस, त्यात दोन घरे भागत नाहीत. म्हणून कुणाचे खासगी विमान येणार असले की मला फोन येतो. विमान जागेवर घेणे, चाकांना ठोकळे लावणे, दोर बांधणे, इंधन भरताना उभे राहणे आणि रात्री राखण करणे, ही माझी कामे. माझ्याबरोबर कंत्राटदाराची दोन-तीन पोरे असतात. पत्रात ज्यांचा उल्लेख आहे ती पोरे आमची नसतीलही, पण त्यांच्यासारखीच असणार.

विमान 'पार्क करणे' म्हणजे मोटार लावून किल्ली खिशात टाकणे, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. लहान विमानाचे तसे नसते. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेले लहान विमान, आपल्याकडे शिकाऊ मुलेही तेच उडवतात. रिकामे असताना त्याचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास भरते, आणि पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा मीटर. ताशी ८०-९० किलोमीटरचा वारा समोरून लागला की हे विमान उभ्या जागी उचलू लागते. आत माणूस आहे की नाही, याच्याशी वाऱ्याला कर्तव्य नाही. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की आपल्याकडे जे वादळ सुटते, ज्याने रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात, तेच वादळ धावपट्टीवरही येते.

शिवाय खानदेशात आलेले विमान रात्री थांबते ते बहुधा मालकाच्या मर्जीने नव्हे. लग्नाच्या तिथी आणि उन्हाळा एकाच वेळी येतात. पारा ४३-४४ वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच विमानाला जास्त लांब धावपट्टी लागते. चौघे बसलेले विमान दुपारी दोनला उचलायचे धाडस शहाणा वैमानिक करत नाही, उन्ह उतरायची वाट बघतो. पण बाहेर बघून उडवायच्या विमानांना आपल्या देशात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे हवेत राहता येत नाही. म्हणजे साडेचार-पाचला निघालेच पाहिजे. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठेपर्यंत चार वाजतात, मग मानपान, मग वधूवरांबरोबर फोटो. खानदेशातल्या लग्नातून पाहुण्याला वेळेवर सोडतो कोण? मग सहाला फोन येतो, 'काका, आता उद्या सकाळीच निघतो, विमान बघा जरा.'

ते 'बघा जरा' म्हणजे काय, ते सांगतो.

विमानाच्या दोन्ही पंखांखाली एकेक आणि शेपटीखाली एक अशा तीन कड्या असतात. तिथून दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधायचा. दोर कुठला आहे ते आधी पाहायचे. सुती किंवा तागाचा असेल तर भिजल्यावर आखडतो, म्हणून थोडी ढील ठेवावी लागते, नाहीतर पंखाची कडीच ओढली जाते. नायलॉनचा असेल तर भिजून ताणला जातो, म्हणून रात्रीतून उठून पुन्हा कसावा लागतो. खुंटीचे आणखी वेगळे दुखणे. आपली जमीन काळी. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि खुंटी कितीही खोल ठोकली तरी बाजूला सरकते. वळवाचा एक पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी मऊ होते. खरे तर सिमेंटचे ठोकळे जमिनीत पुरून त्यांत लोखंडी कडी बसवायला हवी. फार खर्चाचे काम नाही. पण बहुतेक छोट्या पट्ट्यांवर लहान विमान कधीमधी येते, म्हणून त्याचा विचारच कुणी करत नाही.

मग सुकाणू हलू नये म्हणून कुलूप लावायचे. इंजिनाच्या तोंडात पाखरे शिरू नयेत म्हणून झाकणे घालायची. पंखाखाली एक बोटभर जाडीची नळी असते, तिला पिटो म्हणतात, तिच्यावर लाल कापडाची टोपी चढवायची. विमानाचा वेग या नळीतून कळतो. उन्हाळ्यात कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर करू लागते, आणि त्यासाठी तिला फार वेळ लागत नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात बोइंग ७५७ जातीचे प्रवासी विमान समुद्रात पडून १८९ माणसे गेली. त्याआधी ते विमान बरेच दिवस उभे होते आणि पिटोला टोप्या घातलेल्या नव्हत्या. नळीत किड्याने घर केले असावे, त्यामुळे वैमानिकांना वेग चुकीचा दिसला, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. एवढ्या मोठ्या विमानाचे हे झाले. टोपी चढवायला अर्धा मिनिट लागतो, पण ती कुणीतरी आठवणीने चढवावी लागते आणि सकाळी आठवणीने काढावी लागते.

रात्री रोही येतात, रानडुकरे येतात. शेजारच्या वस्तीवरची कुत्री विमानाखाली येऊन झोपतात. चाकाचे रबर कुरतडणारे उंदीर मी पाहिले आहेत. दारू प्यालेली पोरे पंखावर बसून फोटो काढायला येतात, त्यांना गोडीगुलाबीने परत पाठवावे लागते. पंख दिसायला भक्कम, पण वरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. माणूस भलत्या जागी टेकला तरी त्याला पोचा पडतो.

आता पैशांचे बोलू.

पाहुणे वैमानिक जे शुल्क भरतात ते जागेचे असते. पावतीवर 'पार्किंग' लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरात विमानाची जबाबदारी मालकाची, असेही असते. दोर कोणी बांधायचा, रात्री कोणी थांबायचे, त्याला पैसे कोणी द्यायचे, यातले काहीही त्या पावतीवर नसते. पैसे भरणाऱ्याला वाटते की सगळे आत आले. कंत्राटदार म्हणतो, माझी माणसे दिवसपाळीची, फाटकावर आठ तास, रात्रीचे माझ्याकडे नाही. आणि पोराने विचारले तर उत्तर ठरलेले, 'तुम्हाला वरून मिळतेच ना!' म्हणजे पाहुण्याने खुशीने द्यायची बक्षिसी कंत्राटदाराने आधीच पगारात धरली आहे. ती मिळाली नाही तर पोराची रात्र फुकट जाते. म्हणून ती पोरे सकाळी विमानापाशी येऊन उभी राहतात. त्या गृहस्थांना जी लूट वाटली, ती त्या पोरांची रात्रीची मजुरी होती, आणि ती मागायला त्यांना दुसरी जागा नव्हती.

मला ते उभे राहणे अजिबात आवडत नाही. वायुदलात काम केलेल्या माणसाला ते बघवत नाही. रात्रभर दोर कसणाऱ्या पोराने सकाळी तोंड वेंगाडून उभे राहायचे आणि पाहुण्याने खिसा चाचपत नजर चुकवायची, हे दोघांच्याही मानाला शोभत नाही. म्हणून त्यांची निम्मी तक्रार मला मान्य आहे, असे मी वर लिहिले. शुल्क घेतल्यावर पुन्हा कुणी हात पुढे करू नये. पण त्यासाठी आधी त्या हाताचे काम पावतीवर आले पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यातली एक घटना सांगतो. संध्याकाळी एक विमान उतरले. मालकांनी कार्यालयात पार्किंगचे पैसे भरले, पावती घेतली आणि गाडीत बसता बसता 'सांभाळा रे' म्हणून निघून गेले. मी त्या दिवशी कामावर नव्हतो. तिथे जो पोरगा होता त्याने कार्यालयात जाऊन विचारले, 'भाऊ, रातले राखण कोण करी?' उत्तर मिळाले की विमान बांध आणि जा, फाटकावर माणूस आहे. फाटक तिथून बरेच लांब. या पोराने आधी दोन वेळा रात्रभर राखण केली होती आणि दोन्ही वेळा पाहुणे पहाटे घाईत निघून गेल्यामुळे त्याला एक रुपयाही मिळाला नव्हता. घरी म्हातारी आई, सकाळी दूध घालायला जायचे. त्याने दोर बांधले, ठोकळे लावले आणि आठच्या सुमारास तो घरी गेला. साडेदहाला वारा सुटला, मागोमाग पाऊस. डाव्या पंखाची खुंटी उपटली गेली, विमान शेपटीच्या दोराभोवती फिरले आणि रडरची कड कुंपणाच्या लोखंडी अँगलवर जाऊन दुमडली.

रडर म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू. त्याला धक्का लागला की विमान उडवता येत नाही. मुंबईहून परवानाधारक इंजिनिअर आला, त्याने पाहिले, भाग मागवले, बसवले, कागदावर सही केली, तेव्हा कुठे विमान हलले. तोपर्यंत ते कित्येक आठवडे आमच्याकडेच उन्हात उभे होते. त्या दुरुस्तीचा आकडा लाखांत गेला, असे मालकांनीच मला सांगितले. त्या रात्रीच्या राखणीला चारशे-पाचशे रुपये पडले असते. वाऱ्याच्या आधी कुणी तिथे असता तर खुंटी हलताना दिसली असती आणि विमानाचे तोंड वाऱ्याकडे फिरवून दुसरा दोर टाकता आला असता. मालक भले माणूस होते, त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. पण पोराचे काम गेले. बांधून घरी गेला, हा त्याचा गुन्हा. राखणीचे पैसे कुणी देणार होते का, हे चौकशीत कुणी विचारले नाही.

बक्षिसीची दुसरीही एक बाजू आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. ती म्हणजे कामाच्या आधी दिलेले पैसे.

लहान विमानांना अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, लागतो. पूर्वी तो बाहेरच्या देशांतून यायचा. २०२२ पासून इंडियन ऑइलचा वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बनलेला अ‍ॅव्हगॅस देशात विकला जाऊ लागला. छोट्या पट्ट्यांवर तो पिंपांतून येतो आणि हातपंपाने भरतात. भरण्याआधी पिंप आणि विमान तारेने जोडायचे, म्हणजे ठिणगी पडत नाही. भरून झाल्यावर थोडे थांबायचे, पाणी असेल तर तळाला बसते. मग टाकीच्या खालच्या तोटीतून काचेच्या पेल्यात थोडेसे इंधन काढून उजेडात धरायचे. अ‍ॅव्हगॅस निळा दिसतो. निळा दिसला नाही तर काहीतरी चुकले आहे. जेट विमानाचे इंधन यात चुकून गेले तर इंजिन सुरू होते, विमान उचलते आणि मग हवेत इंजिन दगा देते. तळाला पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचे, स्वच्छ येईपर्यंत काढायचे. यात वेळ जातो.

अशा वेळी एखादे पाहुणे घड्याळ बघत येतात आणि हळूच हातात नोट ठेवतात, 'जरा लवकर उरका.' त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण गरजू पोराच्या हातात आधी नोट पडली की त्याला ते थांबणे नकोसे होते, पेला उजेडात नीट धरायचा राहतो. मी अशी नोट परत करतो आणि पोरांनाही सांगून ठेवले आहे, कामाआधी कुणाचाही रुपया घ्यायचा नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टरांची ये-जा सुरू असते, तेव्हा मोठ्या माणसांबरोबरच्या मंडळींकडून असे फार होते. पाहुण्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, द्यायचेच असेल तर विमान नीट तपासून झाल्यावर, चाकांचे ठोकळे काढल्यावर द्या. आणि सगळ्यांदेखत द्या.

शुल्काच्या बाबतीत मोठ्या विमानतळांवर तरी सगळे कागदावर आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर पार्किंग वजनावर आणि तासांवर ठरते आणि पहिल्या दोन तासांना शुल्क नसते. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना तिथे उतरण्याचे शुल्क माफ आहे. 'उडान' योजनेतल्या फेऱ्यांना तर उतरणे आणि पार्किंग दोन्ही माफ. जळगावहून २०१७ च्या डिसेंबरात मुंबईला विमान सुरू झाले ते याच योजनेतून. सामान्य माणसाला विमान परवडावे म्हणून दिलेली ती सवलत आहे आणि ती रास्तच आहे. सांगायचे ते एवढेच, की सवलत असो की आकारणी, ती आधी लिहून ठेवता येते. जिथे लिहिलेली आहे तिथे वाद होत नाहीत.

छोट्या पट्ट्यांवर घोडे अडते ते इथेच. विमानतळांचे दर तपासणारे जे आर्थिक नियामक प्राधिकरण आहे, ते मोठ्या विमानतळांपुरते. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला, त्यानंतर 'मोठा' म्हणजे वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवासी असलेला. आपल्या खानदेशातला कोणताही विमानतळ त्याच्या जवळपासही जात नाही. मग दर चालवणारा ठरवेल तो. तो दरही वैमानिकाला उतरल्यावर कळतो. जागा बदलली की आकडा बदलतो, कधी कधी माणूस बदलला तरी बदलतो. पत्रलेखकांच्या रागाचे खरे कारण मला हेच दिसते. त्यांना आकडा आधी कळला असता तर त्यांनी तो आनंदाने भरला असता. विमान ठेवणाऱ्या माणसाला दोन-तीनशे रुपये जड होत नाहीत, अंधारात ठेवलेले मात्र सहन होत नाही.

आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडात वैमानिकाचे शिक्षण घेऊन आला. तिकडची पद्धत मी त्याला खोदून खोदून विचारली. तिकडे गावोगाव छोटे विमानतळ आहेत. विमान लावायचे शुल्क असते, पण बऱ्याच ठिकाणी ठराविक गॅलन इंधन घेतले की ते माफ होते. म्हणजे विमानतळाची विक्री होते आणि वैमानिकालाही भुर्दंड बसत नाही. विमान जागेवर घेणाऱ्या, बांधणाऱ्या, इंधन भरणाऱ्या पोरांना तिकडे लाइनमन म्हणतात. त्यांना पगार असतो. लहान विमानवाल्याने टिप दिलीच पाहिजे असे नाही. पावसात, रात्री-अपरात्री कुणी धावून आले तर चार-पाच डॉलर देतात. कित्येक ठिकाणी तर विमानतळाची एक जुनी मोटार ठेवलेली असते. पाहुण्या वैमानिकाने ती घेऊन गावात जेवून यावे आणि परत येताना पेट्रोल भरून आणावे. किल्ली भिंतीवर टांगलेली.

सगळे तिकडे गोड आहे असेही नाही. मोठ्या शहरांजवळ भरमसाट शुल्क लावणारेही आहेत. त्यांच्याविरुद्ध तिकडची १९३९ साली स्थापन झालेली विमानमालक व वैमानिकांची संघटना बरीच वर्षे झगडते आहे. तिची एक मुख्य मागणी साधी आहे, दर आधी जाहीर करा, म्हणजे उतरायचे की नाही ते वैमानिक ठरवील. आणि ज्या विमानतळाने तिकडच्या केंद्र सरकारचे अनुदान घेतले आहे, त्याला दर वाजवी ठेवावे लागतात, माणूस बघून दर लावता येत नाही. अनुदानाच्या अटीतच ते असते. आपल्याकडच्या पट्ट्याही जनतेच्या पैशातून झाल्या. जळगावची धावपट्टी १९७३ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली. पुढे ती नगरपालिकेकडे गेली, मग राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे आणि त्यानंतर विमानतळ प्राधिकरणाने तिचा विस्तार केला. मग इथेही दर आधी जाहीर व्हावेत. दरांची पाटी लावायला कुणाची परवानगी मागत बसावे लागेल, असे हे काम नाही.

पत्रलेखकांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे, ते मनाला लागले. 'या भागात फुकट कुणी बोटही उचलत नाही.' १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात, वर्डीजवळच्या सातपुड्याच्या डोंगरात शिकाऊ विमान पडले. प्रशिक्षक गेले, शिकाऊ मुलगी जबर जखमी झाली. गाडी जायला तिथे रस्ता नव्हता. पावसाळ्याचे दिवस, चिखल. जवळच्या पाड्यावरचे आदिवासी बांधव धावत गेले. त्यांनी बांबूला कापडाची झोळी बांधली आणि त्या मुलीला खांद्यावरून डोंगराखाली आणले. त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचे मी ऐकले नाही. अशा माणसांच्या मुलुखाबद्दल लिहिताना पत्रलेखकांनी थोडा विचार करायला हवा होता. संकटात धावून जाणे वेगळे आणि रोजचे काम वेगळे. रोजच्या कामाची मजुरी मागणे यात हलकेपणा नाही.

आता मला काय हवे ते लिहितो. धावपट्टीच्या फाटकावर आणि कार्यालयात मराठी, हिंदी, इंग्रजीत दरांची पाटी लावावी. तोच कागद फोन केल्यावर मोबाइलवर पाठवावा, म्हणजे वैमानिकाला निघण्याआधी कळेल. पाटीवर दोन तासांपर्यंत किती, दिवसभराचे किती, रात्रीचे किती, हे आकडे असावेत. त्याखाली वेगळी ओळ, 'विमान बांधणे व रात्रीची राखण, रात्री आठ ते सकाळी सहा', आणि तिच्यापुढे रक्कम. माझ्या मते पाचशे रुपये वाजवी आहेत. दोघे लागले तर दोघांचे. ज्याला राखण नको असेल त्याने 'नको' लिहून सही करावी, म्हणजे उद्या वादळ आले तर पोराच्या नावाने खडे फोडायचे कारण उरणार नाही. पावतीवर राखणाऱ्याचे नाव असावे आणि ते पैसे त्याच्या हातात किंवा खात्यात त्याच आठवड्यात पडावेत, कंत्राटदाराच्या हिशोबात विरून जाऊ नयेत. आणि तळाला एक वाक्य, 'याव्यतिरिक्त कुणी पैसे मागितल्यास कार्यालयात कळवावे.' ही ओळ आमच्याच पोरांविरुद्ध आहे हे मला कळते. मी त्यांच्याशी बोललो आहे. वरच्या ओळी आल्या तर ही ओळ त्यांना मान्य आहे.

वैमानिकांकडूनही थोडी अपेक्षा आहे. आपले दोर, आपले ठोकळे, पिटोची टोपी विमानात ठेवावी. कितीतरी जण नुसता ब्रेक लावून उतरतात आणि तो ब्रेक रात्रीत सैल पडू शकतो. उतरल्याबरोबर हवामानाचा अंदाज आम्हाला दाखवावा, तुमच्या मोबाइलवर तो आमच्यापेक्षा चांगला दिसतो. सकाळी किती वाजता निघणार ते रात्री सांगावे. आणि राखणाऱ्याला जाताना नावाने हाक मारावी. एवढे झाल्यावर कुणी खुशीने पन्नास-शंभर दिले तर पोराने हसून घ्यावेत आणि पाहुण्याने विसरून जावे. नाही दिले तरी दोर सोडताना पोराच्या चेहऱ्यावर फरक पडू नये, ही जबाबदारी माझी.

पाटीचा मसुदा मी स्वच्छ अक्षरात लिहून काढला आहे. येत्या सोमवारी तो आमच्या धावपट्टीच्या कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. त्यावर माझी आणि माझ्याबरोबरच्या तीन पोरांची सही आहे. चौथ्या पोराचीही आहे, ज्याचे काम गेले त्याची. पत्रलेखक वैमानिकांनी आपला पत्ता संपादकांमार्फत कळवला तर मसुद्याची प्रत मी पोस्टाने पाठवतो. विमान ठेवणाऱ्यांच्या बाजूने त्यावर पहिली सही त्यांनी करावी, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

आपला,
एक माजी वायुसैनिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)